तेहतीस नमुने, एक पडदा

ग्रामपंचायतीच्या कागदांची पूर्ण नावे फार थोड्या गावकऱ्यांना ठाऊक असतात, पण त्यांचे क्रमांक बऱ्याच जणांना पाठ असतात. ‘आठ नंबरचा उतारा द्या’ असे म्हणतच माणूस कार्यालयाची पायरी चढतो. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, ९ कर मागणीची, १० म्हणजे कराची पावती. पहिला नमुना अंदाजपत्रकाचा, पाचवा रोकडवहीचा, बाविसावा स्थावर मालमत्तेचा आणि शेवटचा, तेहतिसावा, झाडांचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ मध्ये हे तेहतीस नमुने ठरवून दिलेले आहेत. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीला जे नमुने, तेच गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्याच्या पंचायतीला.

या वह्या कपाटात होत्या तेव्हा त्या शोधायची एक रीत होती आणि ती कोणाला शिकवावी लागत नसे. रोज लागणारी रोकडवही व पावतीपुस्तक टेबलावर, आठ नंबरचे जाडजूड बाड हाताशी, वर्षातून एकदा उघडायचे ते वरच्या फळीवर आणि जुन्या लेखापरीक्षणाचे कागद दप्तरात बांधून माळ्यावर. वस्तूची जागा तिच्या वापरावरून ठरत होती. नमुन्याचा क्रमांक हे वहीचे नाव होते, तिचा पत्ता नव्हता. संगणकावर आल्यावर अनेक ठिकाणी नेमके उलटे झाले. क्रमांक हाच पत्ता ठरला आणि सगळ्या वह्या एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत, एका लांबलचक यादीत उभ्या राहिल्या. रोज लागणारी आणि पाच वर्षांत एकदा लागणारी, दोघींना सारखाच मान.

वेबवर चालणाऱ्या कोणत्याही प्रणालीला दोन बाजू असतात. एक दर्शनी, नागरिकाला दिसणारी. दुसरी आतली, जिथे कर्मचारी लॉगिन करून काम करतो. खाणावळीत जेवणाचे टेबल आणि भटारखाना असतो तसेच हे. या आतल्या बाजूला अ‍ॅडमिन पॅनेल म्हणतात. दर्शनी पानावर मान्यवरांची छायाचित्रे असतात, त्याचे उद्घाटन होते. भटारखान्याचे उद्घाटन कोणी करत नाही, म्हणून तिथली मांडणीही कोणी पाहायला जात नाही.

गावपातळीवर हा भटारखाना हप्त्याहप्त्याने उभा राहिला. राज्यात २०११ मध्ये ‘संग्राम’ म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प आला, २०१६ मध्ये त्याची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली. केंद्राकडून हिशेबाला प्रियासॉफ्ट, आराखड्याला प्लॅनप्लस, कामांच्या प्रगतीला अ‍ॅक्शनसॉफ्ट अशा वेगवेगळ्या प्रणाली आल्या होत्या. २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, ई-ग्रामस्वराज सुरू झाले आणि ही निरनिराळी दारे एका दारात आली. हा बदल मोठा होता. मात्र एकत्र आणणे आणि मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत. घर बदलताना सगळे सामान एका टेम्पोत आले म्हणजे घर लागले असे होत नाही.

मांडणीत नेमके काय चुकते ते एका कामावरून पाहू. दिघाशीच्या कार्यालयात एक बाई आली असे धरा. सासरे वारले, घराला वारसांची नावे लावायची, त्याआधी थकबाकी किती ते पाहायचे आणि शेवटी आठचा उतारा हवा. तिच्या लेखी हे एकच काम आहे. वह्यांच्या काळात ग्रामसेवकाच्या (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) लेखीही ते जवळपास एकच होते: आठ आणि नऊ शेजारीशेजारी उघडायचे, बोट ओळीवरून फिरवायचे. पडद्यावर मात्र त्याचे पाच तुकडे होऊ शकतात. मालमत्ता, आकारणी, मागणी, वसुली, अहवाल. प्रत्येक विभागात शिरल्यावर वर्ष निवडा, वॉर्ड निवडा, मालमत्ता क्रमांक पुन्हा टाका. असे का होते? आत माहितीचे तक्ते तसे बांधलेले असतात आणि पडदा बांधणाऱ्याने तक्त्यामागे एक मेन्यू असा सरळ हिशेब केलेला असतो. इमारतीच्या पायाचा नकाशा त्याने रहिवाशाच्या हातात दिला.

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथेच आहे. मेन्यू हा प्रणालीच्या रचनेचा आरसा नसावा, तो काम करणाऱ्याच्या दिवसाचा नकाशा असावा. वरच्या उदाहरणात पाच विभागांऐवजी ‘एका घराचे एक पान’ हवे. नाव किंवा घर क्रमांक टाकला की वर मालक व भोगवटादार, मध्ये आकारणी, खाली वर्षवार थकबाकी आणि बाजूला तीन बटणे: पावती फाडा, उतारा द्या, नोंद बदला. तक्ते आत पाच असोत की पन्नास.

भिवंडी तालुक्यात याला आणखी एक पैलू आहे. यंत्रमागांबरोबर गोदामांसाठीही हा तालुका ओळखला जातो. जिथे गोदामे उभी राहिली तिथल्या पंचायतीच्या आठ नंबरात कौलारू घर आणि हजारो चौरस फुटांचे गोदाम एकाच यादीत येते. दोघांची कामे वेगळी, रकमा वेगळ्या, तक्रारीही वेगळ्या. ‘फक्त गोदामे दाखवा’, ‘फक्त थकबाकीदार दाखवा’ अशी चाळणी यादीच्या डोक्यावर, उघडी दिसेल अशी हवी. ती ‘अहवाल’ नावाच्या मेन्यूत, तिसऱ्या पातळीवर लपवली तर वसुलीच्या दिवसांत तिचा उपयोग शून्य.

कागदाची मांडणी सुधारून काम किती सोपे होते याचा पुरावा आपल्याकडेच आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचे रूप बदलले. खातेदारांच्या नावांमध्ये रेघ आली, कमी झालेल्या नोंदी आडवी रेघ मारून दाखवल्या जाऊ लागल्या, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख स्वतंत्र दिसू लागली, प्रलंबित फेरफार असेल तर तेही कळू लागले. माहिती बहुतेक तीच होती. पूर्वी कंसातले नाव म्हणजे ‘हा आता मालक नाही’ हे जाणत्यालाच कळे. आता ते वाचता येणाऱ्या कोणालाही कळते.

पडद्याच्या बाबतीत चूक आणि दुरुस्ती दोन्ही जगासमोर झाल्याचे उदाहरण वर्डप्रेसचे. मराठीतली असंख्य संकेतस्थळे याच प्रणालीवर चालतात. मार्च २००८ मध्ये तिची २.५ ही आवृत्ती आली, अ‍ॅडमिन पॅनेल नव्याने सजवून. मेन्यू वरच्या बाजूला आडवा होता आणि सेटिंग्ज, प्लगिन, वापरकर्ते हे विभाग उजव्या कोपऱ्यात वेगळे काढले होते. दिसायला नेटके, वापरायला गैरसोयीचे; तक्रारी येऊ लागल्या. मग लोकांना बसवून, त्यांची नजर पडद्यावर कुठे फिरते ते पाहून चाचण्या झाल्या. ‘क्रेझीहॉर्स’ नावाचा एक प्रायोगिक आराखडा केला गेला, त्यात मेन्यू डावीकडे उभा आणला. त्याच डिसेंबरात २.७ आवृत्तीत तो सर्वांसाठी आला आणि आजही ढोबळमानाने तोच चालू आहे. पडदे रुंद होत होते, उंची मात्र अपुरी पडत होती. उभ्या मेन्यूत नवे विभाग खाली वाढवता येतात. मराठीला त्याचा आणखी एक फायदा आहे, तो त्या चाचण्यांत कोणी मोजला नसेल: ‘स्थावर मालमत्ता नोंदवही’ हे शब्द आडव्या पट्टीत मावत नाहीत, उभ्या यादीत सहज मावतात.

आता थोडे नियमांबद्दल, कारण या विषयात नियम फार सांगितले जातात आणि त्यातले काही चुकीचे लावले जातात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ मधला ‘सात, अधिकउणे दोन’ हा निबंध दाखवून मेन्यूत सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत असे ठासून सांगतात. मिलर बोलत होता ते अल्पकाळ लक्षात ठेवण्याबद्दल. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. नीट गट पाडलेल्या बारा ओळी विस्कळीत सातांपेक्षा बऱ्या. ‘तीन क्लिकच्या आत सगळे मिळाले पाहिजे’ हाही असाच एक समज. माणूस पाच क्लिक आनंदाने करतो, प्रत्येक पावलाला आपण बरोबर वाटेवर आहोत अशी खात्री असेल तर. म्हणून पानाच्या डोक्यावर ‘वसुली › वॉर्ड २ › घर क्र. ११४’ अशी वाट लिहिलेली असणे क्लिक वाचवण्यापेक्षा मोलाचे. पॉल फिट्स याचा १९५४ चा नियम मात्र जसाच्या तसा लागू पडतो: लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका हात पोचायला वेळ. याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘जतन करा’च्या अगदी शेजारी त्याच रंगाचे ‘हटवा’ ठेवू नये.

मराठीच्या म्हणून काही अडचणी आहेत आणि त्या परक्या पुस्तकांत सापडत नाहीत. शोधपेटीत ‘पाटिल’ टाकले तर ‘पाटील’ सापडले पाहिजे. ऱ्हस्वदीर्घाची शिक्षा शोधणाऱ्याला नको. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन तऱ्हेने टंकता येते. दिसायला दोन्ही एक, संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावे. एकाने भरलेली नोंद दुसऱ्याला सापडत नाही आणि मग तेच घर दोनदा चढते. अकारविल्हे यादीचीही गंमत आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो, संगणकाच्या संकेतावलीत तो ‘ल’च्या पाठोपाठ. ‘क्ष’ तर तिथे स्वतंत्र अक्षरच नाही, त्यामुळे क्षीरसागर ‘क’च्या शेपटाला जाऊन बसतात आणि वर्णमालेप्रमाणे त्यांना शेवटी शोधणारा ‘नोंद नाही’ म्हणून मोकळा होतो. हे सगळे दुरुस्त करता येते, आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे इतकेच. शिवाय इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेल्या बटणात उकार आणि वेलांट्या छाटल्या जातात. ओळीची उंची थोडी वाढवली की काम होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. शेवटी केंद्रचालक शिकतोच, वाट काढतोच. ते खरे आहे, आणि काळजीचे कारणही तेच आहे. ई-ग्रामस्वराजमधून वित्त आयोगाच्या निधीचे पैसे द्यायचे तर एकाने देयक तयार करायचे व दुसऱ्याने मंजूर करायचे, अशा दोन डिजिटल सह्या लागतात. आपल्याकडे त्या ग्रामसेवकाच्या आणि सरपंचाच्या. एकाने केलेले दुसऱ्याने पाहावे हा त्यातला अर्थ. राज्यात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पहिल्यांदाच निवडून आलेल्या सरपंचबाईंना जर पडद्यावर आपले काम कुठे आहे हे सापडले नाही, तर सहीचे ते टोकन आणि त्याचा पासवर्ड बोलूनचालून दुसऱ्याच्या खणात जाऊन पडतो. कागदावर दोन सह्या राहतात, डोळे मात्र एकाचेच. भ्रष्टाचाराच्या बातम्यांत मेन्यूचा उल्लेख कधी येत नाही. पण देखरेख करणाऱ्याला देखरेखीची जागाच सापडू नये अशी मांडणी असेल, तर ती देखरेख कोणीही मोडीत न काढता मोडते.

त्यामुळे सरपंचाचे पहिले पान वेगळे असावे. त्यावर मेन्यूची गर्दी नको. ‘तुमच्या सहीसाठी थांबलेले’ एवढे एकच शीर्षक आणि खाली प्रत्येक देयकाची एक ओळ: कोणाला, किती, कोणत्या कामासाठी, कोणत्या ठरावाने. रक्कम अंकात आणि अक्षरातही. ठरावावर क्लिक केले की ठराव उघडावा. मंजूर करण्याइतकेच मोठे, तितकेच दिसणारे ‘परत पाठवा’ हे बटण असावे आणि कारण लिहायला जागा असावी. नकार देणे अवघड करून ठेवलेल्या पडद्यावरची मंजुरी ही मंजुरी नव्हे.

हे सगळे ठरवायला मोठा खर्च लागत नाही. पोस्टकार्डाएवढे तीसचाळीस कागद घ्या, प्रत्येकावर एक काम लिहा, नमुन्याचा क्रमांक लिहू नका: ‘पाणीपट्टीची पावती’, ‘दिवाबत्तीचे बिल’, ‘ग्रामसभेचे इतिवृत्त’. तालुक्यातल्या पाचसहा कर्मचाऱ्यांना एकेकटे बसवून त्यांचे गठ्ठे लावायला सांगा आणि गठ्ठ्यांना त्यांनाच नावे देऊ द्या. जिथे गठ्ठे जुळतात तिथे मेन्यू आपोआप तयार झालेला असतो. मग नव्या मांडणीचे छापील चित्र समोर ठेवून ‘थकबाकीदारांची यादी हवी, पहिले बोट कुठे ठेवाल?’ एवढेच विचारायचे. बोट कचरले, तर तिथला शब्द चुकला. चार बोटे कचरली, तर सगळा गट चुकला. शिकवायचे नाही, सुचवायचे नाही, खुर्चीमागे गप्प उभे राहायचे. संगणकवाल्यांना हे शेवटचे सर्वांत जड जाते.

बदल कधी करायचा हेही महत्त्वाचे. फेब्रुवारी-मार्च हे वसुलीचे आणि हिशेब बंद करण्याचे दिवस. ‘वरून तिसरे’ अशी जागा बोटांना पाठ झालेली असते, आणि ती सवय ३१ मार्चच्या तोंडावर मोडणाऱ्याला त्या कार्यालयांत कोणी चहा विचारणार नाही. पावसाळ्यात बदलावे, जुने दुवे वर्षभर चालू ठेवावेत, आणि प्रत्येक नव्या नावाशेजारी जुना क्रमांक राहू द्यावा: ‘घराचा उतारा (नमुना ८)’. गावकरी क्रमांकानेच मागतो, लेखापरीक्षकही क्रमांकानेच विचारतो. त्यांच्यासाठी एक ते तेहतीसची ती लांबलचक यादीसुद्धा काढून टाकू नये. मेन्यूच्या तळाशी, एका कोपऱ्यात, वरच्या फळीवर ठेवल्यासारखी ती असू द्यावी.