खामगाव : कापसाच्या वाटेवरचं गाव

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, 'घाटावरचे की घाटाखालचे?' बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावं घाटावरची. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि आमचं खामगाव घाटाखालचं. बुलढाण्याहून बोथ्याच्या जंगलातून घाट उतरत आलं की हवा बदलते, माती बदलते, बोलणंही थोडं बदलतं. पुढे पसरलेलं असतं पूर्णेचं खोरं, काळ्याभोर मातीचं. या मातीत ज्वारी होते, तूर होते. पण खामगाव वाढलं ते कापसावर.

माझे आजोबा इथल्या बाजारात मापारी होते. काट्यावर वजन करायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, एवढंच काम. पण कापूस मुठीत धरून, बोटांनी ओढून ते धाग्याची लांबी सांगत आणि अडत्येसुद्धा त्यावर वाद घालत नसत. सत्तरच्या दशकातलं माझं बालपण या बाजाराच्या कडेला गेलं. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली होती. दिवाळीनंतर खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागे. रांग अशी की शेतकरी दोन-दोन रात्री बंडीखालीच झोपत. बैल सोडलेले, पऱ्हाट्यांच्या शेकोट्या पेटलेल्या, भाकरी बांधून आणलेली. ग्रेडर येऊन कापसाची प्रत ठरवीपर्यंत कुणाच्या जिवात जीव नसे, आणि मग चुकाऱ्याची वाट पाहणं सुरू होई. आम्हा पोरांना यातलं काही कळत नव्हतं. आम्हाला दिसायचा तो जिनच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारातला पांढरा डोंगर. रखवालदाराची नजर चुकवून वर चढायचं आणि खाली उडी टाकायची. तो काठी आपटत ओरडायचा, "पोट्टेहो, बुडसान कापसात!" तो उगाच भीती घालत नव्हता. कापसाच्या गंजीत पोर खरोखर गुदमरू शकतं, हे मोठं झाल्यावर समजलं.

हा बाजार इथे कसा आला, याची गोष्ट मोठी आहे. १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी इथे दुकानं मांडली. तूप, सूत आणि थोडाफार कापूस, एवढाच व्यवहार. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. शेकडो मैलांची वाट, मध्ये पाऊस लागला तर माल भिजून जड व्हायचा आणि सडायचा. १८५३ मध्ये निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. मँचेस्टरच्या गिरणीमालकांची नजर तेव्हाच इकडे वळली होती. अमेरिकेतल्या गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या कापसावरच सारी भिस्त ठेवणं धोक्याचं आहे, हे त्यांना दिसत होतं. १८५७ मध्ये त्यांनी कापूसपुरवठ्यासाठी स्वतःची संस्थाही काढली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. तिथे कामगारांच्या घरात चूल पेटेना, इथे कापसाचे भाव कुणी कधी ऐकले नव्हते असे चढले.

इंग्रज सरकारनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कापूस कमिशनर नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला होता, पण तो खामगावच्या उत्तरेकडून गेला. वऱ्हाडातला सर्वांत मोठा कापूसबाजार रुळापासून तेरा किलोमीटरवर राहिला. तेव्हा केवळ कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत फाटा टाकण्यात आला. १८७० मध्ये त्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. भारताच्या व्हाइसरॉयनं तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी खामगावला यावं, यावरून कापसाचं वजन ध्यानात येतं. पुढच्याच वर्षी त्यानं शेती, महसूल आणि व्यापाराचं स्वतंत्र खातं काढलं, त्यामागेही मँचेस्टरचा रेटा होता. १८७२ मध्ये अंदमानात त्याचा खून झाला.

फाटा सुरू होण्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. तारायंत्रही आलं होतं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानं तारेनं मागणी नोंदवावी आणि सहा आठवड्यांत वऱ्हाडची गठाण तिथल्या धक्क्यावर उतरावी, इतका वेग आला. मालामागोमाग युरोपी पेढ्या आल्या. त्यात स्वित्झर्लंडची वोलकार्ट ब्रदर्सही होती. ही कंपनी पुढे १९५४ मध्ये टाटांबरोबर भागीदारीत गेली आणि त्यातून व्होल्टास झाली. आपल्या घरातल्या एसी-कूलरांच्या जगाचा एक धागा असा खामगावच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसपर्यंत येतो, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं.

या भरभराटीची दुसरी बाजू वऱ्हाडनं भोगली आहे. कुरणं नांगराखाली गेली, ज्वारीच्या जागी कापूस आला, सावकाराचं देणं वाढलं. १८९६-९७ आणि मग १८९९-१९०० असे लागोपाठ दुष्काळ आले. दुसऱ्याला आमच्याकडे 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत, कारण मारवाडी व्यापाऱ्यांच्या वहीत ते विक्रम संवत १९५६ होतं. वऱ्हाडात माणसं उपासमारीनं मेली आणि त्याच वर्षांत इथून कापूस बाहेर जातच राहिला. ज्या रुळांनी बाजार मोठा केला, त्यांनी भुकेच्या वर्षी गावाला वाचवलं नाही. खामगावच्या स्टेशनची गोष्ट सांगताना हे गाळलं तर ती गोष्ट अर्धीच राहील.

१९०१ च्या शिरगणतीत खामगावची वस्ती अठरा हजारांच्या वर होती. तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होतं. १९०५ मध्ये खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. कचेरी बुलढाण्याला गेली, पण मोठ्या दवाखान्यासाठी आणि लग्नाच्या बस्त्यासाठी घाट चढण्यापेक्षा अकोल्याची वाट धरणारे आजही कमी नाहीत.

आमच्या घरापासून जिन ऐकू यायची. पहाटे भोंगा होई आणि मग रेच्यांची घरघर दिवसभर चाले. रेच्यावर बहुतेक बायकाच असत. कापूस तोंडाशी घालायचा, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते. तंतू उडून केसांवर, पापण्यांवर बसत. आवाजात बोलणं ऐकू येत नसे म्हणून त्या हातांनी आणि ओठांनी बोलत. पाळी कधी सुटणार, कुणाचं पोर आजारी आहे, मुकादम कुठे गेलाय, सगळं बिनआवाजी. आई सांगे की, आमच्या शेजारच्या काकू घरी आल्यावरही काही वेळ तशाच बोलत.

पुढे वाचनात आलं की लँकेशायरच्या विणकर बायकाही मागांच्या खडखडाटात अशाच ओठांनी बोलत, आणि या बोलण्याची तिथे नीट नोंद झाली आहे. क्लिथरो नावाच्या लहानशा गावात जुन्या कामगारांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन करणारं एक संग्रहालय कित्येक वर्षं चाललं. बर्नलीमधली वाफेवर चालणारी १८९४ ची क्वीन स्ट्रीट मिल संग्रहालय म्हणून जपली आहे. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांत स्थानिक इतिहासाची मंडळं आहेत. म्हातारी माणसं आपलं लहानपण, शाळा, गिरणी, दुकान यांविषयी लिहितात आणि गाव ते छापतं. मला या गोष्टीचा मनापासून हेवा वाटतो. कारण त्या गिरण्यांच्या मागावर जो कापूस चढत होता, त्यातला काही आमच्या बाजारात तोलला गेला होता. तिथे साऱ्या हिंदुस्थानी कापसाला 'सुरत'च म्हणत. त्याचा धागा आखूड, सारखा तुटायचा, म्हणून कामगार त्याला वैतागत. लँकेशायरच्या आजीबाईंचा आवाज आज ऐकता येतो. रेच्यावरच्या आमच्या काकूंचा आवाज मात्र कुणी जपला नाही. खामगावविषयी जे लिहिलेलं सापडतं ते व्हाइसरॉयच्या चरित्रात, कमिशनरच्या अहवालात, गॅझेटियरमध्ये. मापारी, हमाल, रेचेवाल्या, बंडीखाली झोपलेले शेतकरी यांच्या तोंडचं खामगाव अजून कागदावर यायचं आहे. जिनमध्ये काम केलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम आता लांबवण्यासारखं राहिलेलं नाही.

गावानं स्वतःचं म्हणून जे जपलं आहे ते सणावारांत दिसतं. अय्याच्या कोठीतला लाकडी गणपती हा खामगावचा मानाचा गणपती. विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा. सगळीकडे नवरात्र संपून देवी उठतात, तेव्हा खामगावात 'मोठी देवी' बसायची असते. कोजागिरीपासून हा जगदंबेचा उत्सव सुरू होतो आणि गल्ल्यांमध्ये मंडप उभे राहतात. घाटपुरीच्या जगदंबेची गर्दी वेगळीच. आणि पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी शेगावला पोहोचण्याआधी खामगावात मुक्काम करते, त्या रात्री गाव झोपत नाही. पहाटे पालखीबरोबर हजारो माणसं शेगावपर्यंत पायी निघतात. माझी ती पहिली वारी आजोबांच्या खांद्यावरून झाली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना घराघरांतून चहा, फराळ, पाणी देणारे हात आजही तसेच असतात.

टिळक राष्ट्रीय विद्यालयाचाही उल्लेख करायलाच हवा. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यांतल्या पुष्कळशा काळाच्या ओघात संपल्या. खामगावची टिकली. कलामहर्षी पंधे गुरुजींमुळे तिचं नाव चित्रकलेशी कायमचं जोडलं गेलं. इंग्रजांच्या कापसासाठी वाढलेल्या गावानं अशी शाळा उभी केली आणि सांभाळली, याचा मला अभिमान आहे.

आता बाजार बदलला आहे. जुन्या जिनच्या आवारांत कुठे मंगल कार्यालय आहे, कुठे गाळे निघाले आहेत. नव्या जिन गावाबाहेर रस्त्यांवर आहेत आणि बंडीच्या जागी ट्रॅक्टर, पिकअप उभे असतात. हिंदुस्तान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना इथे आहे. चांदीच्या कामानं गावाला 'रजतनगरी' हे नाव मिळवून दिलं आहे. पूजेची भांडी, मूर्ती, देव्हारे घ्यायला दूरदूरचे लोक येतात. कापसाच्या शेतकऱ्याचं दुःख मात्र तेच राहिलं आहे. भाव ठरवणारा माणूस त्याला तेव्हाही दिसत नव्हता, आताही दिसत नाही.

जलंबची गाडी अजून चालते. मुख्य मार्गावरच्या गाडीनं यायचं, जलंबला उतरायचं आणि या लहान गाडीत बसायचं. दोन्ही बाजूंना शेतं असतात आणि प्रवास बघता बघता संपतो. रूळ खामगावलाच थांबतो. तो पुढे घाट चढून जालन्यापर्यंत न्यावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तसं झालं तर चिखली, देऊळगाव राजा ही घाटावरची गावं पहिल्यांदा रेल्वेला जोडली जातील. माझ्या आजोबांनी या मागणीच्या अर्जावर सही केली होती, वडिलांनी केली होती, मीही केली आहे.

यायचं असेल तर दिवाळीनंतर यावं. वेचणी जोरात असते, पहाटेची थंडी सोसवते आणि बाजार समितीत गेलात तर लिलाव ऐकायला मिळतो. रेल्वे स्टेशन, फरशीवरचा बाजार, सराफा, टिळक विद्यालय, जनुना तलाव आणि घाटपुरी एका दिवसात पाहून होतात. संध्याकाळी शेगावला दर्शनाला जाता येतं. आणि बाजारात एखादे पिकल्या केसांचे हमाल काका पारावर बसलेले दिसले तर त्यांच्याशेजारी थोडा वेळ बसा. 'जिन कुठे होती' एवढंच विचारा, ते उठून तुम्हाला दाखवायला घेऊन जातील.