श्रीमंत घराचें मौन

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं लिहिलेली रहस्यकथा म्हटली कीं वडील माणसें ती न वाचतांच बाजूस सारतात. आमचाहि बेत तसाच होता. परंतु ई. लॉकहार्ट या अमेरिकन लेखिकेची, २०१४ सालीं प्रसिद्ध झालेली ‘वुई वेअर लायर्स’ ही कादंबरी हातीं घेतली आणि ती संपेपर्यंत आमच्यानें खालीं ठेववली नाहीं. तींत गुप्तहेर नाहीं. आहे तो आजोबांच्या इस्टेटीवर डोळा ठेवून एकत्र जेवणारा गोतावळा. आमच्या वाचकांस तो अगदींच अनोळखी वाटेल असें नाहीं.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यानजीक सिंक्लेअर घराण्याचें खाजगी बेट आहे, अशी लेखिकेची कल्पना. त्यावर आजोबा हॅरिस यांचा मोठा वाडा व तीन मुलींसाठीं बांधलेलीं तीन घरें. दर उन्हाळ्यांत सारें कुटुंब तेथें जमतें. मुली प्रौढ, लेंकुरवाळ्या. पण पैशासाठीं बापाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या. आजी वारल्यावर तिच्या दागिन्यांवरून, इतकेंच काय, जेवणाच्या टेबलावर घालावयाच्या कापडांवरूनहि बहिणी भांडतात, आणि बापाचें मन वळवावें म्हणून आपापल्या मुलांस पुढें करतात. आजोबाहि कमी नाहींत. आज एकीला आशा लावावी, उद्यां दुसरीला, हा त्यांचा खेळ! बाहेर मात्र यांतलें कांहीं दिसूं द्यावयाचें नाहीं.

कथा सांगते ती नात कॅडन्स. पंधराव्या वर्षीं बेटावर तिला अपघात झाला. काय झालें तें तिला आठवत नाहीं, डोकें मात्र असह्य दुखतें. आणि तिचें तिलाच आठवूं द्यावें म्हणून घरचीं माणसें गप्प आहेत. दोन वर्षांनीं ती बेटावर परत येऊन स्मृतीचे तुकडे जुळवूं लागते. पुढचें रहस्य फोडून आम्ही वाचकांचे शिव्याशाप घेऊं इच्छीत नाहीं.

मराठी वाचकाचें लक्ष सहज वेधील तो गॅट पाटील. कॅडन्सच्या थोरल्या मावशीच्या हिंदुस्थानी वंशाच्या स्नेह्याचा हा पुतण्या लहानपणापासून उन्हाळ्यांत बेटावर येतो. कॅडन्सचें त्याच्यावर प्रेम बसतें. आजोबा त्याच्याशीं सौजन्यानें वागतात. पण त्याला नांवानें हांक मारीत नाहींत, ‘यंग मॅन’ या दोन शब्दांवर भागवितात. शिवी नाहीं, अपमान नाहीं. वाचतांना आम्ही थबकलों तें येथें. पंक्तीला कोण आणि पडवींत कोण, हें चकार शब्द न काढतां ठरविणारीं घरें आम्हींहि पाहिलीं आहेत.

वाक्यें मोडून ओळीखालीं ओळ मांडण्याची लेखिकेची लकब आम्हांस रुचली नाहीं. मधून मधून येणाऱ्या, राजा व त्याच्या तीन मुली यांच्या छोट्या कथा मात्र फार मार्मिक आहेत; लिअर राजाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

शेवट दारुण आहे, हें आधींच सांगून ठेवतों. तरीहि घरांतील तरुणांस हें पुस्तक अवश्य द्यावें. याच घराण्याच्या मागच्या पिढीची हकीगत २०२२ सालच्या ‘फॅमिली ऑफ लायर्स’मध्यें आली आहे, ती नंतरच वाचावी, कारण तींत पहिल्या पुस्तकाचें रहस्य फुटतें.