बिडीचा हिशेब आणि छातीचा सीटी

उमरखेड तालुक्यात आशाताई घरोघरी जाते तेव्हा तिच्याजवळ एक फॉर्म असतो. तिशी ओलांडलेल्या माणसाला ती विचारते, बिडी, सिगारेट, खर्रा? कधीच नाही म्हटलं की शून्य गुण, पूर्वी होती किंवा कधीमधी म्हटलं की एक, रोज म्हटलं की दोन. खोकला किती दिवस, थुंकीत रक्त पडतं का, चुलीत काय जाळता, हेही ती टिपून घेते. पण सरकारी कार्यक्रमात पुढे कर्करोगाची तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची. फुप्फुसाची नाही.

हा विसरभोळेपणा नव्हे; कारण पुढे येतंच. आधी फायदा किती, ते पाहू. अमेरिकेत 53 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या आणि सोडलेल्या लोकांवर मोठी चाचणी झाली. निष्कर्ष 2011 मध्ये आले. दरवर्षी लो-डोस सीटी काढलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या एक्स-रे गटापेक्षा 20 टक्क्यांनी कमी झाले. थोडक्यात, शिबिरात एक्स-रे काढून 'छाती साफ' ऐकलेल्या माणसाने फार निर्धास्त होऊ नये. आज तिथला निकष असा: वय 50 ते 80, रोज एक पाकीट याप्रमाणे किमान 20 वर्षांची सिगारेट, आणि सोडली असल्यास 15 वर्षांच्या आत.

आता हा निकष उमरखेड तालुक्यातल्याच बंदी भागातल्या बिडीवाल्याला लावायचा कसा? बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, म्हणून ती हलकी असं पारावर ठामपणे सांगतात. ते खोटं आहे. बिडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात ओढावे लागतात; डांबर काही कमी जात नाही. आपले डॉक्टर म्हणूनच सरळ गुणाकार करतात. रोजच्या 25 बिड्यांचा एक कट्टा, 24 वर्षं, म्हणजे 600. तीनशेच्या वर गेला की भारी धूम्रपान.

खरी अडचण टीबीची. त्या अमेरिकन चाचणीत दर फेरीला सरासरी चारांतल्या एकाच्या सीटीत काहीतरी दिसलं, आणि अशा शंभरांपैकी 96 जणांना कर्करोग नव्हता. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण घेऊन हिंडणारे कितीतरी. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ दिसली की पुन्हा सीटी, कदाचित सुईने तुकडा काढणं, त्यासाठी नांदेड नाहीतर यवतमाळच्या खेपा, बुडालेली मजुरी आणि घरभर धास्ती. म्हणून सरसकट शिबिरं भरवणं मला पटत नाही. आधी बिडीवाल्यांवर, टीबीच्या मुलखातच अभ्यास व्हावा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा तसा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे 2009 मध्ये जगाने तिथूनच वाचलं.

खोकला जुना झालाय, वजन उतरतंय, थुंकीत रक्त आहे, त्याची गोष्ट वेगळी. ते स्क्रीनिंग नव्हे, रोगाचं निदान आहे. तिथे निकष बघत बसायचं नसतं. थुंकीत जंतू सापडले नसताना नुसत्या एक्स-रेवरून टीबीचा कोर्स सुरू झाला आणि दोन महिन्यांत उतार नाही, तर सीटीचं नाव पेशंटनेच काढावं.

लक्षण काहीच नाही, पण गुणाकार मोठा आणि पन्नाशी उलटलेली, त्याने छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सीटी काढायचंच ठरलं तर चिठ्ठीवर 'लो-डोस' लिहून घ्यावं. अशा सीटीला शिरेतून औषध टोचावं लागत नाही, किरणंही नेहमीच्या सीटीपेक्षा बरीच कमी लागतात. आणि जुना एक्स-रे, टीबीची जुनी फाइल सोबत न्यावी. व्रण आधीपासूनचा आहे की नवा, हे डॉक्टर त्यावरूनच ताडतात.