शेतयंत्रासाठीं अंतरमापी कॅमेरा कोणता घ्यावा?

साधा कॅमेरा कापसाचें बोंड दाखवितो. परंतु तें किती दूर आहे हें सांगत नाहीं. बोंड वेंचणाऱ्या यंत्रास, किंवा वरुड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागेंत जेथें झाड असेल तेथेंच फवारा सोडणाऱ्या यंत्रास, हें अंतर कळणें अवश्य आहे. त्यासाठीं अंतरमापी कॅमेरा यंत्रावर बसवून तेथील लहान संगणकास जोडतात. अशा कॅमेऱ्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत.

पहिला प्रकार वस्तूवर प्रकाशाची नक्षी टाकतो व ती कितपत सरकली यावरून अंतर काढतो. मायक्रोसॉफ्टचा 2010 सालचा किनेक्ट या जातीचा होता. दुसरा प्रकार प्रकाश जाऊन परत येण्यास लागलेल्या काळावरून अंतर ठरवितो. 2013 सालचा किनेक्ट असा होता. दोहोंचा प्रकाश डोळ्यांस न दिसणारा अवरक्त असतो. सूर्यप्रकाशांतही तो विपुल असल्यामुळें भर उन्हांत यंत्राचा प्रकाश लोपतो. छपराखालीं संत्र्यांची प्रतवारी करण्यास मात्र हे प्रकार उपयोगी पडतात.

तिसरा प्रकार माणसाप्रमाणें दोन डोळ्यांनीं पाहतो. त्यास ऊन बाधत नाहीं. उलट पानाफांद्यांची गर्दी त्याच्या सोयीची असते. कोऱ्या भिंतीपुढें मात्र तो गोंधळतो. तेव्हां वऱ्हाडांतील उघड्या शेतासाठीं हाच प्रकार घ्यावा.

तो घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. एक, दोन भिंगांतील अंतर. रिअलसेन्स डी 435 मध्यें तें 5 सेंटिमीटर, तर ओक-डीमध्यें 7.5 सेंटिमीटर आहे. भिंगें जितकीं दूर, तितकें लांबचें मोजमाप चांगलें. पण अगदीं जवळची वस्तु हुकते. शिवाय वस्तूचें अंतर दुप्पट झालें कीं मोजमापांतील चूक सुमारें चौपट होते. दोन, सबंध चित्र एकाच क्षणीं टिपलें जावें. नाहींतर चालत्या यंत्रावर तें तिरकें येतें. तीन, अंतराचें गणित कॅमेऱ्यांतच व्हावें, म्हणजे लहान संगणकावर भार पडत नाहीं. वरील दोन्ही कॅमेऱ्यांत ही सोय आहे.

विक्रेत्यानें खोलींत दाखविलेल्या प्रयोगावर विसंबून पैसे देऊं नयेत. भर दुपारीं शेतांत फीत धरून अर्धा, एक व दोन मीटरांवरील बोंडांचीं अंतरें मोजावीं व कॅमेऱ्याच्या आंकड्यांशीं ताडून पाहावीं. भिंगांवर काळ्या मातीची धूळ बसल्यावर पुन्हां तेंच करावें. यंत्राचा हात बोंडाशीं पोंचेल कीं फांदी मोडील, हें या आंकड्यांवरच अवलंबून आहे.