विहाराच्या प्रांगणातील आणि अरण्यातील सायप्रस

भूतानमधील अनेक जुन्या विहारांच्या प्रांगणात निळसर डहाळ्या खाली लोंबणारा एक उंच, शंकुधारी वृक्ष दिसतो. हा सायप्रस त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष होय. तेथे त्यास 'त्सेन्देन' म्हणतात. हा शब्द मुळात आपल्या 'चंदना'वरूनच गेलेला. मात्र चंदनाशी या वृक्षाचे काही नाते नाही. (कोकण किनाऱ्यावरील सुरूशीही नाही.)

त्याचे शास्त्रीय नाव अधिकच फसवे आहे. लागवडीतील झाडांवरून १८६७ साली 'कुप्रेसस कॅश्मीरियाना' हे नाव प्रसिद्ध झाले. परंतु काश्मीरच्या रानात हा वृक्ष नाही. त्याचे मूळ स्थान पूर्व हिमालयात, भूतान व लगतच्या अरुणाचल प्रदेशात, सुमारे १२५० ते २८०० मीटर उंचीवरील पावसाळी दऱ्यांच्या तीव्र उतारांवर आहे. विहारांजवळ तो पूर्वापार लावला गेल्यामुळे रानातला कोणता आणि लावलेला कोणता, हे सांगणे कठीण होते. बुमथांगमधील कुर्जे विहाराजवळचे झाड गुरू पद्मसंभवांच्या काठीतून उगवले, अशी तेथील श्रद्धा आहे. कालाम सुत्त मानणाऱ्या आमच्या वाचकांना ती पटणार नाही. तथापि त्या श्रद्धेनेच ते झाड राखले, हे नाकारता येत नाही.

परंतु याच वृक्षाचे लाकूड सुगंधी व टिकाऊ असल्याने विहारांच्या खांब-तुळयांसाठीही तेच वापरले गेले. प्रांगणातील झाड पूज्य ठरले, दरीतील झाड तुळई झाले. नैसर्गिक वने आता मोजक्या, दुर्गम दऱ्यांतच उरली आहेत.

विनयपिटकात हाच प्रश्न आलेला आहे. आळवी येथील भिक्षू नव्या बांधकामासाठी झाडे तोडीत. श्रमण म्हणविणारे एकेंद्रिय जीवास इजा करतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि वनस्पती तोडणे हा भिक्षूंसाठी पाचित्तिय दोष ठरला. त्या कथेत वृक्षदेवताही आहे. आम्हांस मात्र लोकांची तक्रार अधिक मोलाची वाटते. ती विहार बांधणाऱ्यांविरुद्धच होती आणि भगवंतांनी ती ऐकली.

हा नियम भिक्षूंपुरता आहे. उपासकाच्या हातातील कुऱ्हाड तो थांबवू शकत नाही. तेथे कायदाच हवा. भूतानच्या २००८ च्या संविधानाने देशाची किमान ६० टक्के भूमी सदैव वनाच्छादित ठेवण्याचे बंधन घातले, हे स्तुत्यच. पण टक्केवारी वृक्षाची जात पाहत नाही. दरीतील सायप्रस गेला व तेथे दुसरे रान वाढले, तरी आकडा तोच राहतो. प्रांगणातील चार झाडांच्या बियांपासून रोपे अवश्य होतील. अरण्यातील शेकडो झाडांची वंशविविधता मात्र त्यांत उतरणार नाही.