पाण्याची पाचर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की घरोघरी चर्चा होते ती यंत्राची, 'बिनटाक्याची' आणि आत बसवलेल्या भिंगाच्या किमतीची. मी डॉक्टर नाही. वाचत वाचत या विषयात शिरलेला माणूस आहे. मला त्यातला सर्वांत विलक्षण वाटलेला टप्पा काही सेकंदांचा आहे आणि त्यात वापरतात ते जवळजवळ पाणीच: अश्रूंसारखे क्षार असलेले निर्जंतुक द्रावण.

आधी भिंगाची घडण पाहू. 'लेन्स' हा शब्दच मसुरासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला. या मसुराला पारदर्शक पिशवी असते. तिच्या आत मऊ गर, मग थोडा घट्ट थर आणि मधोमध कठीण गाभा. पिशवीची मागची भिंत मध्यावर अवघी चार-एक मायक्रॉन जाड असते; आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा.

पूर्वी या पिशवीची पर्वा करण्याचे कारण नव्हते. सुश्रुताच्या पद्धतीत गढूळ भिंग सुईने बाजूला ढकलत. पुढे बराच काळ ते पिशवीसकट काढत आणि पेशंटला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा देत. पण 1949 मध्ये लंडनला हॅरल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग बसवले आणि पिशवीला मोल आले. नवे भिंग ठेवायला जागा तीच. आता गर काढायचा, पण पिशवी फाटू द्यायची नाही.

भिजवलेल्या बदामाचे साल सहज निघते, कारण पाणी साल आणि गर यांच्यामध्ये शिरते. इथे तेच जाणूनबुजून करतात. पिशवीच्या पुढच्या भिंतीला गोल खिडकी पाडतात, तिच्या कडेखाली बोथट बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, सरकवून कड किंचित उचलतात आणि द्रव हलकेच सोडतात. बाहुलीच्या लालसर उजेडात एक लाट गाभ्यामागून सरकताना दिसते. भिंग सुटले! याला हायड्रोडिसेक्शन म्हणतात. फॉस्ट यांनी 1984 मध्ये ते मऊ गाभ्यासाठी मांडले. 1992 मध्ये हॉवर्ड फाइन यांनी द्रव थेट पिशवीला लगटून सोडण्याची रीत सांगितली, ज्याने गरही पिशवीपासून सुटतो. मग गाभा पिशवीत भोवऱ्यासारखा फिरतो आणि भिंगाला धरून ठेवणाऱ्या नाजूक तंतूंना ताण बसत नाही. दुसरा प्रकार हायड्रोडेलिनिएशन. त्यात द्रव आणखी आत, गाभा आणि त्याभोवतीचा थर यांच्यामध्ये सोडतात. तिथे सोनेरी कडे उमटते आणि बाहेरचा थर गादीसारखा राहतो.

लाट पलीकडे गेली की गाभा हलकेच दाबून मागे साचलेला द्रव बाहेर काढावा लागतो. तो तसाच राहिला आणि आणखी सोडत गेले, तर मागची भिंत फुटू शकते.

काही डोळ्यांत तर ही लाटच घातक ठरते. 'पोस्टिरिअर पोलर' मोतीबिंदूत मागच्या भिंतीला मधोमध पांढरट चकती चिकटलेली असते आणि नेमकी तिथे भिंत कमकुवत असते, कधी मुळातच उघडी. 1990 मधल्या अमेरिकेतील एका अभ्यासात अशा डोळ्यांपैकी 26 टक्क्यांत भिंत फाटली. 1999 मध्ये अहमदाबादच्या अभय वसावडा यांनी प्रसिद्ध केलेल्या मालिकेत 36 टक्क्यांत. आपल्याच शस्त्रक्रियांचा असा आकडा छापायला धैर्य लागते, आणि उपाय तिथूनच पुढे आला. 2004 मध्ये वसावडा यांनी उलटी वाट मांडली: आधी गाभ्यात मधोमध चर खणायचा, मग चराच्या भिंतीत कॅन्युला घालून द्रव आतून बाहेर सोडायचा. तो मधल्याच थरांत पसरतो, गादी हवी तेवढ्या जाडीची राहते आणि लाट त्या कमकुवत जागेवर आदळत नाही. पिशवीलगतचे हायड्रोडिसेक्शन इथे टाळतात.

भिंत फाटून गाभ्याचे तुकडे मागच्या पोकळीत पडले, तर पडद्याच्या सर्जनकडे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ही चकती बहुधा बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीतच दिसते. हा मोतीबिंदू अनेकदा घराण्यात चालतो. त्यामुळे आईवडिलांपैकी कोणाला तो असल्याचे ठाऊक असेल, तर डॉक्टरांना ते तपासणीच्या वेळीच सांगावे, टेबलावर झोपल्यावर नव्हे.