परसबागेतली पालेभाजी : उपटू नका, कापा



दिवाळीनंतर परसबागेत टाकलेली मेथी, पालक, कोथिंबीर आता काढणीला आली आहे. बाजारासाठी आपण भाजी मुळासकट उपटून जुड्या बांधतो, कारण तिथे वाफा एकदम रिकामा करायचा असतो. घरच्या भाजीचं गणित वेगळं आहे. घराला एका वेळी एक जुडी पुरते, पण ती सारखी मिळत राहायला हवी. म्हणून घरच्या वाफ्यात उपटायचं नाही, कापायचं.

*कापलेली भाजी परत का फुटते?*
पालक, चुका, कोथिंबीर यांचा गाभा जमिनीलगत असतो आणि नवीन पान तिथूनच येतं. मेथी, माठ, राजगिरा यांच्या पानांच्या बगलेत डोळे असतात. शेंडा खुडला की ते फुटतात. अगदी मातीलगत कापलं तर गाभाही जातो, डोळेही जातात आणि वाफा बसतो.

*कोणती भाजी कशी काढायची?*
▪️ पालक : पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, जमिनीपासून दोन बोटं वर कापा. पुढची कापणी १५ ते २० दिवसांनी.
▪️ मेथी : २५ ते ३० दिवसांनी. खालची दोन-तीन पानं ठेवून वरचा कोवळा भाग घ्या. पुन्हा एखादी कापणी मिळते.
▪️ कोथिंबीर : ४० दिवसांच्या आसपास, बाहेरची पानं देठासकट काढा. बडीशेपेसारखी बारीक पानं दिसू लागली की ती फुलावर चालली, मग सगळीच काढून घ्या.
▪️ लाल माठ, राजगिरा : वीतभर झाल्यावर, खाली चार बोटं ठेवून.
▪️ आंबट चुका : बाहेरची पानं तोडा, मधली राहू द्या.

विळा किंवा कात्री धारदार हवी. हाताने ओढलं तर मुळं हलतात. सकाळी दव वाळल्यावर कापा, ओली जुडी लवकर सडते. एका दिवशी अर्धाच वाफा कापा, म्हणजे उरलेला पुढच्या आठवड्याला येईल.

कापल्यावर संध्याकाळी हलकं पाणी द्या. जीवामृत किंवा शेणाचं पाणी द्यायचं तर कापणीनंतर लगेच आणि फक्त मातीत द्या, पानांवर नको. शेणातले जंतू पानाला चिकटून राहतात आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो.

*सगळ्यात महत्त्वाचं : शेजारची फवारणी* ⚠️
सध्या तुरीवरच्या शेंगअळीसाठी आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी फवारण्या चालू आहेत. घर शेतात असेल तर वाऱ्याने औषध परसबागेवर येतं. बाटलीवर लिहिलेले थांबायचे दिवस त्या पिकासाठी असतात, तुमच्या पालकासाठी नाहीत.

१) फवारणीच्या आधीच लागेल तेवढी भाजी कापून ठेवा आणि वाफा प्लास्टिकने झाका. वारं असेल तर फवारू नका.
२) भाजीवर औषध उडालं तर ती खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. आंतरप्रवाही औषध पानात मुरतं. मिठाच्या पाण्याने धुतलं तरी ते निघत नाही. तेवढा वाफा उपटून पुरून टाका आणि नवीन बी दुसऱ्या जागी टाका.
३) बहुतेक घरांत फवारणारा एक आणि भाजी खुडणारी दुसरी असते. म्हणून फवारणीला निघण्याआधी घरात सांगून जा. हे सांगायला एक मिनिट लागतं.
४) भाजी खाल्ल्यावर उलट्या, चक्कर, जास्त लाळ किंवा घाम असा त्रास झाला तर घरी उपाय करत बसू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

हा मेसेज घरात भाजी खुडणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. वाफ्याबद्दल काही शंका असेल तर पानाचा जवळून काढलेला फोटो आणि पेरणीची तारीख याच नंबरवर पाठवा.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी